पहिल्याच मॅचला तगडी टीम समोर आली की नेमकं काय बघायचं?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. एक मुलगा आहे, एमएस करायला अमेरिकेत येऊन त्याला वर्ष झालं, कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय (इथला फुटबॉल हं, हातात घेऊन पळायचा). त्याच्या युनिव्हर्सिटीची सीझनची पहिलीच मॅच देशातल्या पहिल्या पाचातल्या एका टीमशी आहे. युनिव्हर्सिटीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, घेतलं की त्या गावचे लोक माझ्या अंगावर येतात. तर ह्याच्या घरात तीन रूममेट आणि तीन मतं. नागपूरचा म्हणतो समोर स्टार क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, ऑफेन्स चालवणारा) आहे, आपण गेलोच. पुण्याचा म्हणतो त्यांची सगळी जुनी पोरं एनएफएलला, म्हणजे प्रो लीगला, गेली, उगाच हवा आहे. आणि तिसरा इथलाच, ज्याचे आजोबाही त्याच स्टेडियममध्ये बसायचे, तो म्हणतो ही हरलो तर सीझन खल्लास. काका, बरोबर कोण?

मी सांगणारा कोण, तर मूळचा कोल्हापूरचा, ओहायोत २६ वर्षं झाली. दिवसा आयटी, आणि गेली १४ वर्षं एका हायस्कूलच्या टीमला ओ-लाईन शिकवतो, म्हणजे ती पाच जाडजूड पोरं जी पुढं उभी राहून क्वार्टरबॅकला वाचवतात आणि ज्यांचं नाव कुणालाच माहीत नसतं. दर शनिवारी सकाळी फिल्म (मॅचचं रेकॉर्डिंग) बघायची, कागदावर लिहायचं, पोरांना शिव्या घालायच्या. वाद घालायचं शिक्षण मात्र कोल्हापुरातच झालं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच (पायानं खेळायचा तो) असली की चार दिवस आधीपासून पेठेत जे चालतंय ना, त्यापुढं तुमचं अपार्टमेंट म्हणजे भजनी मंडळ.

आता मुद्दा. तिघंही अर्धे बरोबर आहेत आणि तिघंही एकच चूक करतायत, ती म्हणजे समोरची टीम तयार झालीय असं धरून चाललेत. ऑगस्टमध्ये तयार टीम नावाचा प्रकारच नसतो. एनएफएलला सीझनच्या आधी तीन सरावाच्या मॅचेस मिळतात, कॉलेजला एकही नाही. पोरं तीन-चार आठवडे आपापसातच खेळतात, त्यातही इंज्युरी नको म्हणून खरं टॅकलिंग फार थोडं, आणि मग एकदम लाख लोकांसमोर उभी राहतात. तिकडची भाजी कच्ची असते तशी आपलीही कच्ची असते. त्यामुळे समोरची टीम किती तगडी हे विचारण्यापेक्षा ती कुठे कच्ची आहे आणि नेमकं तिथंच आपलं काही पिकलेलं आहे का, हे विचारलंस तर काहीतरी हाती लागेल.

रँकिंगचं आधी उरकतो. २०२५ च्या सीझनआधी एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरचं रँकिंग) एक नंबरला टेक्सास, दोनला पेन स्टेट, तीनला ओहायो स्टेट, चारला क्लेमसन होती. पेन स्टेटनं ऑक्टोबरमध्ये स्वतःचा हेड कोच काढला. क्लेमसन पहिलीच मॅच घरी एलएसयूकडून १७-१० हरली आणि रडतखडत ७-५ वर (सात जिंकल्या, पाच हरल्या) आली. आणि इंडियाना, जिला विसावा नंबर दिला होता, ती एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन झाली. पोल म्हणजे मागच्या वर्षीच्या आठवणी अधिक नावाची वट, दुसरं काही नाही. नागपूरच्याला हे सांग, पण हळू सांग.

आणि पुण्याचाही लगेच खूश व्हायला नको. २०२३ ची कोलोरॅडो आणि टीसीयू आठव. टीसीयू त्याच वर्षी जानेवारीत नॅशनल फायनल खेळून आलेली, कोलोरॅडो आधीच्या वर्षी १-११. नवीन कोच डीऑन सँडर्सनं येऊन अख्खी टीम बदलली, पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या पोरांच्या यादीतून) माणसं भरली, टीमचे मीटिंगरूम ओळखपरेडसारखे झाले असणार. लोक म्हणाले तीन टचडाउननी, म्हणजे वीसेक पॉइंटनी, मरतील. कोलोरॅडो ४५-४२ जिंकली! त्यांचा ट्रॅव्हिस हंटर ऑफेन्स आणि डिफेन्स दोन्हीकडून शंभराच्या वर स्नॅप (एकेक चाल) खेळला, त्या उन्हात. पुढचे दोन आठवडे टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. आणि सीझन संपला तेव्हा कोलोरॅडो ४-८, टीसीयू ५-७. म्हणजे ज्या मॅचला सगळ्यांनी मोठा भूकंप म्हटलं तिच्यात दोन बऱ्यापैकी साधारण टीम्स खेळत होत्या, फक्त त्या दिवशी ते कुणाला माहीत नव्हतं.

आता जी मॅच मला खरोखर नीट सांगता येते ती सांगतो, कारण फिल्म तीन वेळा बघितलीय. ३० ऑगस्ट २०२५, कोलंबस, टेक्सास विरुद्ध ओहायो स्टेट. आधीचा वाद अगदी तुमच्या घरातल्यासारखाच. टेक्सासकडे आर्च मॅनिंग, पेटन आणि ईलायचा पुतण्या, कॉलेजला पूर्ण मॅच सुरुवातीपासून फक्त दोनदा खेळलेला, पण जाहिराती बघून वाटावं की दोन सुपर बोल जिंकलाय. ओहायो स्टेट चॅम्पियन, पण १४ पोरं ड्राफ्टमध्ये एनएफएलनं उचललेली, सगळी डी-लाईन (डिफेन्सची पुढची फळी) गेलेली, दोन्ही कोऑर्डिनेटर (ऑफेन्स आणि डिफेन्सचे मुख्य कोच) गेलेले, क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन पहिलीच मॅच स्टार्ट करणार. आमच्या इथल्या मराठी मित्रांच्यात महिनाभर हेच. एकानं तर गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता मला कोपऱ्यात घेऊन विचारलं की ओहायो स्टेटच्या नव्या कोऑर्डिनेटरचं, पॅट्रिशियाचं डिफेन्स चालेल का.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, आणि बायको साक्षीला आहे, की मॅनिंगला सोडा, त्याच्या पुढची पाच माणसं बघा. टेक्सासच्या ओ-लाईनला पाचातल्या चार जागी नवीन माणसं होती. वैयक्तिक पोरं चांगलीच असतात रे, टेक्सासला वाईट पोरं मिळत नाहीत, पण ओ-लाईन हा पाच जणांचा एक प्राणी असतो. समोरचा डिफेंडर डावीकडून उजवीकडे सरकला तर त्याला मी सोडायचा आणि तू घ्यायचा हे अर्ध्या सेकंदात, न बोलता व्हायला लागतं. ते सरावात येत नाही, मॅच खेळून येतं, पाच-सहा मॅचेस.

मग काय झालं? तिसऱ्या क्वार्टरला टेक्सास ढकलत ढकलत गोल लाईनपाशी आली. चौथा डाउन (दहा यार्ड जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला शेवटचा), एक यार्ड. म्हणजे तीन फूट. इतकंच जायचंय. मॅनिंगनं सेंटरच्या (लाईनच्या मधला, जो चेंडू मागं देतो) मागून स्वतःच मुसंडी मारली, आणि भिंत. पोचलाच नाही. ती प्ले स्लो करून बघ, चेंडू सोडून फक्त कंबरा बघ. ओहायो स्टेटची पोरं गुडघ्याच्या उंचीवरून आत घुसलीत आणि टेक्सासची पोरं अर्धा ठोका उशिरा, उभी राहून. मी लहानपणी दोन वर्षं तालमीत जायचो, वस्ताद मागून काठी टेकवायचे, कंबर खाली, कंबर खाली. तेच आहे हे. मातीत जो वर राहिला तो गेला, गवतावरही तोच गेला.

गंमत म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत प्लेऑफच्या सेमीफायनलला हेच दोघं भिडले होते आणि टेक्सास तेव्हाही एक यार्डावरच अडकलेली. तेव्हा मध्ये घुसायच्या ऐवजी चेंडू बाहेर फेकला, सात यार्ड मागं गेले, आणि दोन प्लेनंतर जॅक सॉयरनं क्वार्टरबॅकच्या हातातून चेंडू उडवला आणि ८३ यार्ड पळाला. २८-१४. जानेवारीत बाहेरून गेले म्हणून सगळ्यांनी शिव्या घातल्या, ऑगस्टमध्ये मधून गेले तरी तेच. तेव्हा प्ले कुठला बोलवला ह्यावर तासन् तास भांडणाऱ्यांना माझं म्हणणं, प्ले दोन्ही ठीक होते, एक यार्ड ढकलायला माणसं कमी पडली.

ऑगस्टची मॅच १४-७ संपली. आता आकडे ऐक. टेक्सासनं ३३६ यार्ड काढले, ओहायो स्टेटनं फक्त २०३. आकडा बघितला तर टेक्सास जिंकायला पाहिजे होती. पण टेक्सास चौथ्या डाउनला चेंडू न सोडता पाच वेळा खेळायला गेली आणि एकदाच यशस्वी झाली. ओहायो स्टेटनं नव्या पोराला सांभाळून खेळवलं, सेयिननं फक्त २० पास टाकले, एकच लांबचा टचडाउन, ४० यार्डांचा, कार्नेल टेटला, आणि उरलेला वेळ चूक न करणे एवढा एकच कार्यक्रम. बोअर मॅच म्हणून लोक ओरडले. मला विचारशील तर सीझनची पहिली मॅच शहाण्या कोचनं अशीच खेळावी, बोअर.

दुसरी गोष्ट जी वादात कधीच येत नाही ती म्हणजे फिल्म. आपण म्हणतो समोरच्यांचा अभ्यास केलाय. कसला अभ्यास? मागच्या वर्षीचा. ओहायो स्टेटचा डिफेन्स कोऑर्डिनेटर मॅट पॅट्रिशिया, एनएफएलमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, ह्या पोरांना घेऊन तो काय लावणार ह्याची एक सेकंदाची फिल्म टेक्सासकडे नव्हती. आमच्या शाळेच्या टीमचंही असंच एकदा झालं. सीझनची पहिली मॅच, समोरच्या शाळेची मागच्या वर्षीची फिल्म मी इतकी बघितली की पोरांना स्वप्नात त्यांचे नंबर दिसत असतील. त्यांनी उन्हाळ्यात कोच बदललाय हे माहीत होतं, पण शाळेचा कोच असून असून काय वेगळं करणार असं वाटलं. पहिल्याच स्नॅपला चार जण ज्या जागी असायला पाहिजेत तिथं तीनच, आणि दोघं वर-खाली नाचतायत. माझा सेंटर, सतरा वर्षांचा पोरगा, वळून माझ्याकडं बघतोय, कोच हे काय? आणि कोचलाही माहीत नाही. ३८-६. घरी येताना गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

मोठ्यांचंही हेच होतं, म्हणून थोडं बरं वाटतं. २०१४ ला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे दुसरीच मॅच पण घरची पहिली, ओहायो स्टेट व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ हरली. क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमध्येच खांद्यानं गेलेला, जे. टी. बॅरेट नवीन, आणि ओ-लाईनला, बरोबर ओळखलंस, पाचात चार नवे. व्हर्जिनिया टेकचा बड फॉस्टर बेअर फ्रंट घेऊन आला. सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूचे गार्ड, तिघांच्याही तोंडावर एकेक माणूस उभा. एरवी दोघं मिळून एकाला ढकलतात आणि मग एक जण पुढं जातो, इथं ते जमेचना, प्रत्येकजण एकटा. मागून बाकीचे धावत येतायत. बॅरेट सात वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आत आडवा. कोलंबसमध्ये त्या रात्री असं वातावरण होतं की घरात कोणीतरी गेलंय. पुढं काय झालं माहितीय? पुढच्या टीम्सनीही तेच लावून बघितलं, पण तोवर लाईनला उत्तर सापडलेलं होतं. तीच चार नवी पोरं, तोच फजिती झालेला कारभार, आणि जानेवारीत ओरेगॉनला ४२-२० हरवून नॅशनल चॅम्पियन. ती टीम सप्टेंबरमध्ये होती तरी कुठं? व्हायची होती.

तेव्हा समोरच्या टीमचा कोऑर्डिनेटर नवीन असेल तर पुण्याच्या रूममेटनं जरा शांत बसावं. फ्लोरिडा स्टेट २०२४ ला २-१० होती. २०२५ च्या पहिल्या मॅचला अलाबामा आली, जवळपास दोन टचडाउनची फेव्हरिट. त्यात फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक टॉमी कॅस्टेलॅनोस जूनमध्येच बोलून बसलेला की आता त्यांना वाचवायला निक सेबन (अलाबामाचा निवृत्त झालेला दिग्गज कोच) नाहीये. सगळ्या देशानं पोराला वेड्यात काढलं. पण त्यांनी नवीन ऑफेन्स कोऑर्डिनेटर आणला होता गस मालझान, जो स्वतः ऑबर्नला असताना अलाबामाशी वर्षानुवर्षं लढलेला. ३१-१७. चेंडू हातात घेऊन पळून पळून जिंकले. (आणि शेवटी फ्लोरिडा स्टेट ५-७, अलाबामा प्लेऑफमध्ये. आलं ना लक्षात.)

मैदान कुणाचं हेही बघ, पण लोक म्हणतात तसं 'आवाजानं घाबरतात' असं काही नसतं, ही पोरं घाबरत नाहीत. काम बिघडतं. घरच्या मैदानावर क्वार्टरबॅक ओरडतो आणि पाचही जण एकाच ठेक्यावर उठतात. बाहेर लाख लोक बोंबलत असताना ते ऐकूच येत नाही, मग खुणा कराव्या लागतात. गार्ड मान वळवून मागं बघतो, क्वार्टरबॅकनं पाय उचलला की सेंटरला हात लावतो, सेंटर मनात एक मोजतो आणि चेंडू देतो. ह्या सगळ्यात समोरचा डी-लाईनमन फक्त चेंडू हलायची वाट बघत असतो. म्हणजे जो हल्ला करणार तो उशिरा आणि जो अडवणार तो वेळेवर. जुनी लाईन असेल तर हे जमून जातं. नव्या लाईनची, नव्या क्वार्टरबॅकची पहिलीच मॅच आणि तीही परगावी असेल तर पहिल्या क्वार्टरमध्ये दोन-तीन फॉल्स स्टार्ट (चेंडू हलायच्या आधीच हलल्याचा दंड) धरूनच चाल. तुमची मॅच घरी आहे ना? मग ओरडा, पण त्यांचं ऑफेन्स मैदानात असताना. आपल्या पोरांच्या वेळी ओरडणारे येडे दर वर्षी दिसतात.

आता तिसरा, सीझन खल्लासवाला. त्याच्या आजोबांच्या काळात त्याचं बरोबर होतं, एक हरलात की संपलं. २०२४ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीत, १२ टीम्स जातात. ओहायो स्टेट त्याच २०२४ ला नोव्हेंबरच्या शेवटी घरात मिशिगनकडून १३-१० हरली, ज्या मॅचला हरणं म्हणजे इथं तोंड दाखवायला जागा नसते, आणि तरी जानेवारीत नोत्र दामला ३४-२३ हरवून कप घेतला. माझ्या शेजाऱ्यानं नोव्हेंबरमध्ये दारावरचा झेंडा काढला आणि जानेवारीत गुपचूप परत लावला.

पण एक सांगतो, इथं मी त्याच्या थोडा बाजूनं आहे. २०२५ ला नोत्र दाम पहिली मॅच मायामीला २७-२४ हरली, मिनिटभर उरलेलं असताना मारलेल्या फील्ड गोलवर (चेंडू पायानं खांबांमधून मारायचा, तीन पॉइंट). मग टेक्सास ए अँड एमशीही हरले, नंतर सलग दहा जिंकले, १०-२. मायामीही १०-२. डिसेंबरमध्ये प्लेऑफच्या टीम्स निवडणारी कमिटी बसली तेव्हा त्या ऑगस्टच्या मॅचचं पारडं जड झालं, मायामी आत आणि नोत्र दाम बाहेर. मायामी पार फायनलपर्यंत गेली. उलट टेक्सासचं गाऱ्हाणं असं की आम्ही कोलंबसला जायची हिंमत दाखवली नसती आणि एखादी लिंबूटिंबू टीम बोलावली असती तर ९-३ ऐवजी १०-२ झालो असतो. त्यांचा कोच सार्किझियन हे उघडपणे बोलला. माझं मत विचारशील तर गाऱ्हाण्यात तथ्य आहे, पण फ्लोरिडाकडून हरायला कुणी सांगितलं नव्हतं.

लिंबूटिंबूवरून आठवलं. २००७ ला मिशिगननं, पाच नंबरची टीम, पहिल्या मॅचला खालच्या डिव्हिजनची ॲपलेचियन स्टेट बोलावली, यायचे चार लाख डॉलर देऊन. त्या मॅचआधी कुणी वाद घातलाच नाही, कशाला घालतील. पण ती पोरं खालच्या डिव्हिजनची सलग दोन वर्षांची चॅम्पियन होती, एकत्र खेळून मुरलेली. ३४-३२. शेवटचा फील्ड गोल ब्लॉक झाला आणि एक लाखाच्या वर लोक एकदम गप्प. पिकलेली छोटी टीम कच्च्या मोठ्या टीमला काय करू शकते ह्याचं एवढं चांगलं उदाहरण मला अजून दुसरं मिळालेलं नाही.

तर तुझं काम सोपं करतो. मॅचच्या आधी फक्त एवढं शोधून काढ की त्यांच्या ओ-लाईनला मागच्या वर्षी एकत्र खेळलेली किती जण आहेत, आणि आपल्या डी-लाईनला किती. कोऑर्डिनेटर कोण नवीन ते बघ. मला हेही माहीत आहे की क्लेमसनकडं २०२५ ला बहुतेक सगळी पोरं परत आलेली होती आणि तरी माती खाल्ली, त्यामुळे हा काही पंचांगातला मुहूर्त नाही, पण क्वार्टरबॅकच्या जाहिरातींपेक्षा बराच बरा. मग मॅच सुरू झाली की पहिल्या दोन सिरीज (चेंडू एका टीमकडं असतो तो सलग डाव) चेंडू बघूच नकोस. अवघड आहे, डोळा तिकडंच जातो, पण स्नॅपच्या क्षणी मधली पाच माणसं बघ, कोण पुढं सरकतंय आणि कोण मागं. तिसरा डाउन दोन यार्डांचा आला की तर नक्कीच. आणि टॅकल किती जण हुकवतायत ते मोज, ऑगस्टमध्ये दोन्हीकडचे हुकवतात, पण चौथ्या क्वार्टरला उन्हात ज्याचे जास्त हुकायला लागतील तो गेला.

अंदाज विचारलायस म्हणून, तू जे कळवलंस त्यावरून त्यांच्या लाईनला तिघं नवीन आहेत आणि तुमची डी-लाईन जवळजवळ तशीच आहे, तर मी तुमच्या बाजूनं जातो, तीन-चार पॉइंटनी, फार नाही. नागपूरच्याशी पैज लावणार असशील तर जेवणाचीच लाव. आणि पाणी प्या रे, दुपारची मॅच आहे, मागच्या वर्षी आमच्या रांगेतला एक पुणेकर जीन्स घालून आला होता, दुसऱ्या क्वार्टरला त्याला खाली मेडिकल टेंटमध्ये न्यावं लागलं आणि दोन्ही टचडाउन त्यानं तिथल्या टीव्हीवर बघितले.